दाखवायची खोली

त्या हॉटेलात एक खोली कधीच पाहुण्याला देत नसत. तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून. तिच्या चादरीवर कोणी झोपलेलं नव्हतं, तिच्या टबात कोणी अंघोळ केलेली नव्हती. आरोग्य खात्याचे तपासनीस आले की त्यांना फिरवत फिरवत याच खोलीशी आणायचं आणि सहज म्हणायचं, "ही बघा ना, कुठलीही बघा." कर्मचारी तिला दाखवायची खोली म्हणत. ती कल्पना हाउसकीपिंगच्या सुपरवायझरची होती आणि त्याला तिचा अभिमान होता.

बाकीच्या खोल्यांत काय सापडतं ते तो घरी जेवताना बायकोला सांगायचा. न्हाणीच्या जाळीत अडकलेला केसांचा बुळबुळीत गुंता, गादीच्या शिवणीत चिरडलेले ढेकूण, पलंगाखाली कापून टाकलेली पायाची नखं.

"अहो, मी घास घेतेय," बायको म्हणायची.

"घे की. आपल्या घरात आहे का तसलं काही?"

नव्हतं. तो सुट्टीच्या दिवशी दाराची वरची कड पुसायचा. हॉटेलातली पोरं त्याला पाठीमागे बोटसाहेब म्हणत, कारण तो कमोडच्या कडेखालून तर्जनी फिरवायचा आणि ज्याने ती साफ केली त्याच्या नाकाखाली ती धरून उभा राहायचा. बोलायचा काहीच नाही.

हाच माणूस आता पोटावर पिशवी चिकटवून घरी बसला होता. मोठ्या आतड्यातली गाठ काढताना डॉक्टरांनी आतड्याचं टोक पोटाच्या भिंतीतून बाहेर काढलं होतं. बेंबीच्या डावीकडे लाल, ओलसर, ओठ मुडपल्यासारखं एक तोंड होतं. त्याला बंद होणं माहीत नव्हतं. मनात येईल तेव्हा ते बोलायचं, पिशवी फुगायची आणि कोमट, पातळ, काळपट काहीतरी तिच्यात उतरायचं. पिशवीचा वरचा थर पारदर्शक होता. दिवसभर स्वतःची विष्ठा स्वतःच्या मांडीवर घेऊन बसायचं, हे त्याला कोणी आधी सांगितलं असतं तर त्याने ऑपरेशनच नाकारलं असतं.

बायको कपड्यांच्या दुकानात आल्टरेशनच्या टेबलावर काम करायची. माणसं धुतलेले कपडे घालून दुकानात येतात आणि न धुतलेली पँट कमी करायला देतात. तिने मांड्यांमधली शिवण उसवताना आयुष्यात पुष्कळ काही हुंगलं होतं. नाकाने आपल्याला कधी दगा दिला नाही, असं तिला वाटायचं. पण हा वास वेगळा होता. गोडसर कुजका, नासलेल्या मांसात कोणी साखर घातल्यासारखा. तो पडद्यांत बसायचा, केसांत बसायचा, दुकानात तोंडात सुई धरली की जिभेवर यायचा.

सुरुवातीला पिशवी तीच बदलायची. एकदा कडेचा चिकट भाग सुटला आणि आतलं सगळं तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. ती न्हाणीघरात पळाली, साबणाने हात तीनतीनदा घासला, आणि परत आली ती नाकातोंडावर रुमाल बांधून. नवऱ्याने वर पाहिलं. ती नजर तिला ओळखीची होती. घाणेरडी निघालेली तर्जनी तो अशी बघायचा. फरक इतकाच, या वेळी तर्जनी तो स्वतः होता.

त्यानंतर पिशवी तोच बदलू लागला, दार लावून. आणि तिने आपली गादी बाहेरच्या खोलीत घातली. "तुमची झोपमोड होते माझ्या कुशी बदलण्याने," ती म्हणाली. त्याने मान डोलावली.

गाठ काढली, पण तिची पिल्लं यकृतात सापडली. जुन्या पद्धतीची केमो देऊन पाहिली. केस गेले, जेवण गेलं, पिल्लं जागची हलली नाहीत. तेव्हा मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी नव्या औषधाचं नाव काढलं. डॉक्टर पन्नाशीच्या, बोलायला सरळ. बायकोखेरीज बरोबर त्याची धाकटी बहीणही आली होती. ती शहर बस चालवायची. गणवेशातच आली होती.

"हे औषध गाठीला मारत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "तुमच्याच शरीरातल्या शिपायांना उठवून गाठीवर धाडतं. पण ते सगळ्यांना सारखं लागू पडत नाही. आतड्यात राहणाऱ्या जंतूंवर बरंच अवलंबून असतं, असं आम्हाला दिसतंय. काही जंतू औषधाला हात देतात, काही आडवे येतात. म्हणून आधी तुमच्या शौचाचा नमुना तपासायचा. त्यावरून तुमचं औषध, तुमचा डोस, सगळं तुमच्यापुरतं ठरवायचं."

"म्हणजे माझ्या आत कोण राहतं ते बघणार."

"हो."

"किती असतात?"

"मोजायला बसू नका. आणि काढलेल्या गाठीत एक जंतू सापडला, तो खरं म्हणजे तोंडातला. हिरड्यांत असतो. तिथून खाली उतरून गाठीत वस्ती करतो."

तो आपले दोन्ही तळवे एकमेकांवर घासत राहिला.

"दादा, भाडेकरू आहेत रे तुझ्या पोटात," बहीण म्हणाली. "आणि एकही नोंदवलेला नाही."

"गप गं."

"नमुन्यात चांगले जंतू थोडे कमी निघाले तर उपाय आहे," डॉक्टर म्हणाल्या. "निरोगी माणसाच्या शौचातले जंतू घेऊन कॅप्सूल बनवतो. त्या गिळायच्या. घरातलं कोणी चालतं, तपासून."

"माझे घ्या!" बहिणीने हात वर केला. "मला दगड पचतो. डेपोतून बस काढायच्या आधी मोकळी म्हणजे मोकळी. वहिनीला विचारा."

"मला काय माहीत?" वहिनी म्हणाली.

"आयुष्यात मी तुझं उष्टं खाल्लं नाही," तो बहिणीला म्हणाला.

"उष्टं नाही रे दादा. हे त्याच्या बरंच पुढचं आहे."

त्याला खरोखर ओकारी आली. डॉक्टरांनी टेबलाखालची टोपली पायाने पुढे सरकवली.

घरी निळ्या झाकणाची डबी आली. झाकणाला आतून एक इवलासा चमचा जोडलेला होता. नमुना आणून देण्याच्या आदल्या दिवशी घ्यायचा आणि फ्रीजमध्ये ठेवायचा, असं नर्सने सांगितलं होतं. "फ्रीजमध्ये?" बायकोने विचारलं होतं. "हो, पण बर्फाच्या कप्प्यात नको," नर्सने सांगितलं. जणू अडचण तेवढीच होती.

डबी आल्यापासून तो हिरड्या घासू लागला. इतक्या की बेसिनमध्ये गुलाबी फेस दिसायचा. जेवण पांढरंच घ्यायचा, भात आणि दूध, तेही चमचाभर. न्हाणीघरात जाऊन दार लावायचा आणि नळ सोडून ठेवायचा. बायकोने विचारलं नाही. विचारलं तर बघावं लागेल, ही भीती.

आणि मग एक दिवस दुकानातून येऊन तिने दार उघडलं, नेहमीप्रमाणे छातीत श्वास भरून घेतला होता, तो सोडला, आणि नाकात काहीच आलं नाही. ती आतल्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत गेली. नाहीच. तिने पडदा नाकाला लावून पाहिला. साबण. पुढचे काही दिवस ती घरात तोंड मिटून श्वास घेत होती आणि त्याचं तिला इतकं सुख वाटत होतं की तिने नणंदेला फोन करून सांगितलं, "पोट सुधारतंय गं. वास गेला."

"बघ! मी म्हटलं नव्हतं? आमचं घराणंच चिवट आहे."

डबी त्याने स्वतः भरली, पिशवीत घातली, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, ती तिसऱ्या पिशवीत, आणि दुधामागे ठेवली. बायकोने त्या दुधाचा चहा केला नाही. दूधच ओतून दिलं.

अहवाल सांगायला डॉक्टरांनी दोघांना बोलावलं. त्यांच्या कपाळाला आठी होती.

"तुमचं आतडं जवळजवळ ओसाड आहे," त्या म्हणाल्या. "असं क्वचित बघतो आम्ही. जंतू नावालाच शिल्लक आहेत."

बायकोची नजर नवऱ्यावर होती म्हणून तिला ते दिसलं. त्याची पाठ ताठ झाली. खांदे मागे गेले. कित्येक महिन्यांत तो असा बसला नव्हता. हॉटेलच्या वार्षिक समारंभात तपासनिसाने भाषणात स्वच्छतेचं कौतुक केलं होतं, तेव्हा तो असाच बसला होता, तिच्या शेजारी, गुडघ्यांवर हात ठेवून.

"अलीकडे कुठल्या अँटिबायोटिक गोळ्या घेतल्या होत्या का?" डॉक्टरांनी विचारलं. "ऑपरेशनच्या वेळच्या सोडून. नीट आठवून सांगा."

"नाही."

"जुलाबाचं काही?"

"नाही हो."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "मग मला वाईट बातमी द्यावी लागेल. इतक्या ओसाड आतड्यात हे औषध सहसा काम करत नाही, आणि कॅप्सूलनेही इतकी भरपाई होईल असं वाटत नाही. हे औषध कोणाला द्यायचं ते ठरवणारी आमची समिती आज दुपारी बसतेय. ती तुम्हाला यात घेणार नाही. मग जुनी केमोच, डोस बदलून. ती कितपत चालेल, तुम्ही बघितलंच आहे."

त्याने उठून नमस्कार केला. खोली दाखवून झाली होती.

बाहेर लिफ्टसमोर बाक होता. फरशीला नुकतंच फिनेल मारलेलं. तो बसला, ती उभीच राहिली.

"काय घेतलंत?" तिने विचारलं.

"काय घेणार?"

"घरात वास येत नाही. मला वाटलं बरं वाटतंय तुम्हाला. काय घेतलंत?"

"नाही येत तर चांगलंच आहे. येत होता तेव्हा तुला झेपत नव्हता."

"मी कधी म्हटलं तसं?"

"तू नाही म्हणालीस. रुमाल म्हणाला."

लिफ्ट आली, कोणी उतरलं, लिफ्ट गेली.

मग तो फरशीकडे बघत बोलू लागला. तिची दाढ सुजली होती तेव्हाच्या गोळ्या उरल्या होत्या, त्या आधी. मग ऑपरेशनची जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून आणखी आणल्या. आणि नळीने आतडं बघण्याआधी पोट साफ करायची पावडर, ती दोन पाकिटं कपाटात पडून होती. "ती डबी तिकडे कोणीतरी उघडणार ना? पंचविशीची एखादी मुलगी असेल. एवढं शिकून आलेली. तिच्या नाकाखाली मी ते धरू? तसंच्या तसं?" त्याने तर्जनी वर केली आणि खाली घेतली. "तपासणी म्हटल्यावर आवरून ठेवतोच ना माणूस."

"तुम्ही त्यांना दाखवायची खोली दाखवलीत."

त्याने शर्टाची कड पोटावरून खाली ओढली.

"आत चला. सांगू त्यांना."

"नाही."

"अहो!"

"झाकली मूठ आहे, राहू दे झाकलेली."

"मूठ झाकून मरणार का?"

"मरतातच माणसं." त्याचा आवाज एकदम चढला, मग बसला. "पण घाण म्हणून नाही मरायचं मला. मी ते आतून बघतोय गं, इतके दिवस. तू रुमाल तरी बांधू शकतेस."

ती वळली तशी त्याने तिची बाही धरली. जोरात नाही. त्याच्या नखांच्या कडा सोलवटल्या होत्या, ब्लीचने पांढऱ्या पडलेल्या. तिच्या मनात त्या क्षणी दया नव्हती, हे तिला स्वतःलाही कळलं. किळस होती. पिशवीची नव्हती. गोळ्या गिळून, हिरड्या सोलून, पोट खरवडून हा माणूस जे काही चकचकीत करून बसला होता, त्याची. तिने बाही सोडवून घेतली आणि दार ढकलून आत गेली.

डॉक्टर ऐकत राहिल्या. हसल्या नाहीत. "डबी धुऊन आणणारे पाहिलेत मी," त्या म्हणाल्या. "पोट धुऊन आणणारे हे पहिलेच." मग त्यांनी फोन उचलून समितीला हे प्रकरण आज घेऊ नका म्हणून कळवलं आणि स्वतः बाहेर बाकापाशी आल्या.

तो उठायला लागला. त्यांनी बसवलं.

"सगळ्या गोळ्या आजपासून बंद. सगळं खायचं, डाळी, भाज्या, फळं, दही. महिना-दीड महिना थांबू. जंतू परत आले तर पुन्हा नमुना, आणि तो जसा असेल तसा. मध्ये यकृतातल्या गाठी थांबणार नाहीत, हे स्पष्ट सांगते. आणि जंतू परत येतीलच याची हमी नाही."

तो बायकोकडे बघत नव्हता.

घरी तो तिच्याशी बोलेना. फोनवर बहिणीला सांगायचा, "तिला सांग, डाळीत मीठ कमी आहे." बहीण वहिनीला फोन करून म्हणायची, "मीठ कमी आहे म्हणे. मी बस चालवू की तुमचं टपाल वाहू? अगं, नाक दाबलं की तोंड उघडतं. दाब त्याचं नाक."

"त्यांचंच तर नाक आहे सगळ्याच्या मुळाशी," वहिनी म्हणाली.

पण तो खात होता. न बोलता, औषधासारखं, डाळ, उसळ, सालीसकट सफरचंद. खाऊन झालं की उजव्या बरगडीखाली हात धरून बसायचा. आधी तो हात तिथे नसायचा. बायको तो हात बघायची आणि गाठी मोठ्या होताहेत का विचारायला तिची जीभ रेटायची नाही. त्याच्या डोळ्यांच्या पांढऱ्यात किंचित पिवळी झाक आली आहे असं तिला एक दिवस वाटायचं, दुसऱ्या दिवशी वाटायचं नाही.

तिने न्हाणीघरातलं फिनेल शेजारणीला देऊन टाकलं. आणि रोज सकाळी दुकानात जायच्या आधी ती एक काम करू लागली. वापरलेल्या पिशव्यांच्या बादलीचं झाकण उघडायची, गुडघ्यावर हात टेकून वाकायची आणि हुंगायची.

काहीच नाही. प्लास्टिक. दुसऱ्या दिवशीही प्लास्टिक. पुढच्या आठवड्यात ओल्या पुठ्ठ्यासारखं काहीतरी, पण ते पुठ्ठ्याचंच असावं. ज्या वासापासून पळून तिने गादी बाहेर नेली होती, त्याची ती आता बादलीत तोंड घालून वाट बघत होती. आपल्याला वेड लागलंय असं तिला वाटायचं. झाकण लावून ती हात धुवायची आणि कामाला जायची.

मग एका सकाळी झाकण अर्धंच उचललं होतं. गोडसर, कुजका, उबदार. घशापर्यंत आला आणि खाली उतरला. तिने बेसिन गाठलं आणि सकाळचा चहा बाहेर टाकला.

"आला!" तोंड पुसायच्या आधीच ती ओरडली.

आतून त्याचा आवाज आला. तिच्याशी थेट बोललेला कित्येक दिवसांतला पहिला शब्द. "कोण आलं?"

"वास! अहो, आला वास!"

पलंग करकरला. मग, "कितपत?"

"ओकले मी."

"मग बरा असेल," तो म्हणाला.

नमुना दोघांनी मिळून घेतला. तो भिंतीला टेकून उभा, तिने पिशवी धरलेली, चमचा त्याच्या हातात. ते तोंड तेवढ्यात आणखी थोडं बोललं आणि तिच्या अंगठ्यावर थेंब पडला. तिने मान बाजूला फिरवली.

"बांध रुमाल," तो म्हणाला.

"नको."

"अगं बांध. हात हलतोय तुझा, सांडेल."

तिने बांधला. डबी भरली, झाकण लावलं. त्याने कोपऱ्यातली जंतुनाशकाची बाटली उचलली.

"काय करताय?"

"बाहेरून पुसतोय फक्त."

"बाहेरूनसुद्धा नको." तिने बाटली घेतली. डबीच्या कडेला एक तपकिरी रेघ राहिली होती, ती तशीच दुधामागे गेली. त्या दिवशी तो फ्रीज उघडायला एकदाही उठला नाही, आणि त्याला तहान लागली होती.

नमुना देताना खिडकीत खरंच एक मुलगी होती, पंचविशीची. तिने डबी उजेडात धरली, नाव तपासलं, आणि नाक मुरडलं. लपवलंही नाही. तो तिथेच उभा राहून बघत होता. मग ती म्हणाली, "ठीक आहे," आणि डबी ट्रेमध्ये ठेवली.

डॉक्टरांचा फोन आला तेव्हा बायकोने तो मोठ्या आवाजावर टाकला. जंतू परतले होते. सगळे नाहीत. समितीने घ्यायचं ठरवलं होतं, पण बहिणीच्या, मधल्या काळात तपासून तयार ठेवलेल्या कॅप्सूल लागणार. गाठी थोड्या वाढल्या होत्या, तेव्हा लगेच या.

लगेच म्हणजे त्याच आठवड्यात. रुग्णालयाच्या खुर्चीत तो बसला, उजवा हात बरगडीखाली. बहीण ड्युटी बदलून आली होती. नर्सने स्टीलची छोटी बशी आणली. गोठवलेल्या कॅप्सूल, पारदर्शक कवचाच्या, आत चॉकलेटी काहीतरी, वर बारीक दव.

त्याने सवयीने बशीच्या कडेवरून बोट फिरवलं. बोट बघितलं. मग बहिणीकडे बघितलं.

"आता आपले भाडेकरूही एकाच आडनावाचे," ती म्हणाली. "गिळ."

"खाल्लं काय होतंस त्या दिवशी?"

"सांगू?"

"नको."

एक गिळली, पाणी. दुसरी, पाणी. चौथीला त्याचे डोळे भरून आले आणि मान पुढे गेली, बायको टोपली घेऊन उठली, पण त्याने हात वर केला, आवंढा गिळला, आणि ती खाली गेली. बशी रिकामी झाली. नर्सने औषधाची पिशवी खांबाला अडकवली आणि सुई टोचली.

थोड्या वेळाने त्याला ढेकर आली. लांब, खोलवरून. तिघांनाही ती पोचली.

बायकोच्या हातात रुमाल होता. तो वर न्यावा की पर्समध्ये टाकावा हे तिला ठरवता येईना. तिचं नाक आखडलं होतं ते त्याला स्पष्ट दिसत होतं.

"बांध, बांध," तो म्हणाला. "आणि माझ्यासाठी आणलायस का एक?"

तिने पर्समधून दुसरा काढून दिला. त्याने तो घडी न मोडता नाकावर दाबून धरला.

"अरे," बहीण म्हणाली, "निदान मी जाईपर्यंत तरी थांबा!"